ताज्या हॉप्सची एल पिताय? मग या चुका टाळा

हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, आणि एल हा बिअरचाच एक प्रकार. दिवाळीला सिएटलहून आत्येभाऊ येतो तेव्हा त्याच्या बॅगेत ताज्या हॉप्सच्या एलचे ४७३ मिलीचे ४ कॅन असतात, कस्टम्सची मर्यादा २ लिटर, त्यात हे बरोबर बसतात. तिकडं वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर हॉप्सची काढणी चालते, आणि तोडलेली फुलं न वाळवता एका दिवसाच्या आत बिअरमध्ये टाकून ही एल करतात. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा ब्रूअरीवाल्यांनी १९९६ मध्ये त्यांची अशी पहिली हार्वेस्ट एल केली, आता तिकडं बरेच जण करतात, पण मिळते वर्षातून एकदाच. आणि आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या गच्चीवर दरवर्षी कुणी ना कुणी ती वाया घालवतंच, जीव तुटतो अगदी, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ठेवून देणं. "भारी वस्तू आहे, थर्टीफर्स्टला फोडू." नका करू असं. सांगलीच्या माणसाला हे हळदीवरून लगेच समजेल. शेतातनं नुकतंच काढलेलं ओलं हळकुंड मोडून बघा, बोटं पिवळी होतात आणि जो हिरवट, ओल्या मातीचा वास येतो तो शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळकुंडात सापडत नाही. वाळलेल्या हळदीची ताकद वेगळी, ती वर्षभर टिकते, पण तो वास गेला तो गेला. हॉप्सचं अगदी तेच आहे. ताज्या फुलात साधारण ८० टक्के पाणी असतं, भट्टीत वाळवल्यावर ८-१० टक्के उरतं, आणि त्या उष्णतेत पाण्याबरोबर मर्सीनसारखी हलकी तेलंही बरीच उडून जातात. ती तेलं मिळावीत म्हणून तर बिअर करणारा वाळलेल्या हॉप्सच्या चार-पाच पट वजनाची ओली फुलं वापरतो, एवढा खटाटोप करून आणलेला वास बाटलीत काही आठवडेच धड राहतो. कॅनच्या बुडाला तारीख असते ती बघा, दीड-दोन महिने झाले असतील तर आजच उघडा.

दुसरं, ऊन आणि उजेड. एका वर्षी मीच कॅन दोन दिवस गाडीच्या डिकीत विसरलो, बाहेर ऑक्टोबर हीट, उघडल्यावर वास पार बसलेला आणि मागनं ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. पिशवीत बर्फाचे पॅक टाकून आणा, घरी आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवा. बाटली असेल तर उजेडापासून लांबच, हिरव्या किंवा पांढऱ्या काचेत तर फार लवकर बिघडते, कारण हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की गंधकाचा एक घाणेरडा वास तयार होतो. दुपारी गच्चीवर उन्हात ग्लास भरून ठेवला तरी काही मिनिटांत तो येऊ शकतो.

ग्लासचं सांगायलाच पाहिजे. आपल्याकडं सकाळी ताक प्यायलेला ग्लास नुसता विसळून संध्याकाळी बिअरला घेतात, त्या स्निग्धानं फेस बसतो, आणि फेस बसला की वासही गेला. ग्लास नीट घासा, साबण राहू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुवून उपडा वाळवा. ओतल्यावर काचेला आतनं बुडबुडे चिकटून राहिले तर समजा ग्लास स्वच्छ नाही. काठोकाठ भरू नका, वर वासाला जागा ठेवा. आणि बर्फगार पिऊ नका, फ्रिजमधनं काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, ७-१० अंशांवर ही एल खुलते.

आता भडंग. मला माहितीये सांगलीत बसायचं आणि भडंग नाही हे पटत नाही, पण लसूण-तिखट लागलेल्या जिभेला हॉप्सचा कडूपणा दुप्पट झोंबतो आणि नाजूक वास काही कळतच नाही. आधी दोन घोट नुसते घ्या, मग खारे शेंगदाणे, पनीर, साधी काकडी. भडंग दुसऱ्या ग्लासला. सिगारेट तर त्या अर्ध्या तासात नकोच.

"ही खराब झालीये, गवतासारखी लागत्या" असं म्हणून एकानं अर्धा ग्लास मोरीत ओतला होता. अहो, कापलेल्या गवताचा, कोवळ्या पानांचा वास हाच तर तिचा गुण! गढूळ दिसली तरी घाबरू नका, ताज्या फुलांमुळं तसं होतं. कडूपणा नेहमीच्या आयपीएपेक्षा (म्हणजे जास्त हॉप्सची कडवट एल) मऊ वाटला तरी ठीक. पण पुठ्ठा लागला तर जुनी झालीये किंवा उन्हात राहिलीये, गंधकाचा भपकारा आला तर उजेड लागलाय, मोजे किंवा जुन्या चीजसारखा वास आला तर हॉप्सच शिळे होते, आणि यातलं काहीच घरी दुरुस्त होत नाही.

सिएटलला कुणी नसेल तर न्यूझीलंडला विचारा, तिकडं काढणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असते, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्या पाहुण्याला आत्ताच सांगून ठेवता येईल.