ई मेजरमधलं एक बोट
गिटार हातात घेऊन दीड वर्ष झालं होतं आणि मला वीसेक कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजवायचे सुरांचे गट, येत होत्या. येत होत्या म्हणजे चित्रं पाठ होती, कुठलं बोट कुठल्या तारेवर एवढंच. एकदा सोबत गाणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "सी कॉर्डमध्ये सूर कुठले?" मी वाजवून दाखवली. "वाजवू नकोस, सांग." सांगता आलं नाही.

उलगडा झाला तो ई मेजरवर. ही कॉर्ड धरा, सगळ्या तारा छेडा. मग तिसऱ्या तारेवरचं (तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजायच्या), पहिल्या फ्रेटमधलं, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या घरातलं बोट उचलून परत छेडा. ई मायनर झाली, कॉर्डचा चेहराच पडला. सहापैकी पाच तारा जशाच्या तशा. बदलली एकच, तीही एका फ्रेटने: जी शार्पचा जी झाला. हा सूर एवढा कोण लागून गेला, हे शोधताना बाकीचं हाती लागत गेलं.

एक फ्रेट म्हणजे एक सेमीटोन. कुठलाही सूर रूट, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर, धरा. तिथून चार सेमीटोन वर मेजर थर्ड, सात सेमीटोन वर फिफ्थ. या तिघांची मेजर कॉर्ड. थर्ड चारऐवजी तीनवर आला की मायनर. पेटी शिकलेल्यांसाठी याहून सोपं आहे: सा-ग-प वाजवा, मग गंधार कोमल करा. (हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला काय हरकत होती!)

सूर तीनच, तारा सहा, म्हणून ते परत परत येतात. ओपन सी (काही तारा न दाबता मोकळ्या सोडून धरलेली) पाचव्या तारेपासून वाजवली की सी, ई, जी, सी, ई. येत असलेली प्रत्येक कॉर्ड अशी कागदावर उतरवा आणि थर्डभोवती गोल करा. ए मेजरमध्ये तो दुसऱ्या तारेवर आहे, डी मेजरमध्ये पहिल्या. दोन्हीकडे बोट एक फ्रेट मागे घ्यायचं की झाली मायनर. त्यासाठी बाकीची बोटं थोडी हलवावी लागतात, तेवढंच.

मी अडलो जी मेजरवर. तिचा थर्ड बी, आणि नेहमीच्या धरणीत तो दोनदा येतो. एक पाचव्या तारेवर, दुसऱ्या फ्रेटमध्ये. तो मागे घेता येतो. दुसरा म्हणजे मोकळी सुटलेली दुसरी तार. मोकळी तार आणखी खाली कशी नेणार? जी मायनरसाठी बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा दाबायची कॉर्ड, का शिकवतात ते तेव्हा कळलं. तोवर मला वाटायचं, उगाच छळतात.

सेव्हन्थ कॉर्डमध्ये चौथा सूर येतो. सी सेव्हनला बी फ्लॅट लागतो, पण ओपन धरणीत त्यासाठी तिसरी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की तिथला जी, म्हणजे फिफ्थ, गायब होतो. कानाला फारसं खटकत नाही. थर्ड गाळला की मात्र कॉर्ड मेजर की मायनर हेच ठरत नाही. रॉकमधली पॉवर कॉर्ड तशीच, नुसती रूट आणि फिफ्थची.

एफची बार कॉर्ड म्हणजे ई मेजरच, एक फ्रेट पुढे सरकवलेली. तिथेही तिसऱ्या तारेवरचं मधलं बोट उचललं की एफ मायनर. फक्त मग ती तारही आडव्या तर्जनीनेच दाबावी लागते, आणि माझी तिथे अजून अधूनमधून मुकी राहते.