मूल बोलत नाही, चालत नाही, आणि प्रत्येक जण दुसरीकडे पाठवतो: आमचं कसं सुटलं

मुलगा अडीच वर्षांचा. धरून उभा राहायचा, शब्द दोनच: 'आई' आणि 'भू'. स्पीच थेरपिस्ट म्हणे आधी कान तपासा, कानवाले म्हणे चिठ्ठी आणा, फिजिओला आधीचे रिपोर्ट हवेत. नागपुरात सक्करदरा ते सीताबर्डी, पाच महिने चकरा. सासूबाईंचं एकच, "पोट्टं बोलते आपोआप." वैताग आला होता.

खासगीत तिन्ही थेरप्या एकदम लावल्या. पोरगा थकला, पैसेही संपले.

मग अंगणवाडीच्या ताईंना विचारलं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक कधी येणार? ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पथकातल्या डॉक्टरांकडून संदर्भ चिठ्ठी घेतली. तिच्यावर नुसतं 'बोलत नाही' नको, 'चालणं आणि बोलणं दोन्ही उशिरा' असं लिहून घ्या. याच ओळीमुळे पुढे फरक पडला.

ती चिठ्ठी घेऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत मागे असलेल्या मुलांच्या तपासण्या आणि थेरप्या एकाच ठिकाणी होणाऱ्या सरकारी केंद्रात. पहिल्याच दिवशी विचारलं, "आमची फाईल कोण बघणार?" एक मॅडम ठरल्या. फिजिओ आणि स्पीच एकाच दिवशी मागून घेतलं.

सगळ्यात आधी कानाची बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्राने बघणं. मूल गाढ झोपलेलं लागतं. पहाटे पाचला उठवलं, ऑटोत टाळ्या वाजवून जागं ठेवलं, तिथे पोचल्यावर दूध पाजलं. वीस मिनिटांत झोपला. आदल्या वेळी घरूनच झोपून गेला होता, तिथे टक्क जागा!

दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. आधी कानाची यंत्रं, मगच स्पीच सुरू.

फाईलच्या पहिल्या पानावर तारीख, तपासणी, पुढची भेट. ते पान मी अजून स्वतःच लिहिते.