माळावर कोणतं गवत लावायचं?

मराठवाड्यात नवं लावलेलं चाऱ्याचं गवत बहुतेक वेळा पहिल्याच पावसाळ्यातल्या खंडात जातं, बोल मात्र उन्हाळ्याला लागतो. जुना ठोंब मे महिन्यात वाळून काडी झाला तरी मुळाशी जिवंत असतो. तीन पानांवरचं रोप पंधरा दिवसांच्या उघडिपीत संपतं. त्यामुळे जात ठरवताना ते रोप पहिले दोन महिने कसं जगवायचं, हेही ठरवून घ्या.

आधी कुदळ घेऊन तीन-चार ठिकाणी हातभर खड्डा करा. वीतभरावर मुरूम लागला आणि पाणी झिरपून जात असलं, तर अंजन किंवा धामण. काळ्या, भारी रानात मारवेल. तिथे अंजन लावलं तर सलग पावसात पाणी तुंबून मुळं कुजतात. मारवेल ते बऱ्यापैकी सोसतं. डोंगरउतारावर, बालाघाटाच्या बरड पट्ट्यात, पवना हे गवत मुळातच असतं. तिथे नांगर घालण्यापेक्षा दोन वर्षं चराई बंद ठेवली तर ते आपोआप दाटतं. नेपियर चांगलंच, पण ते विहिरीला पाणी असणाऱ्याचं गवत. कोरडवाहू माळावर त्याच्या नादी लागू नका.

अंजनाचं बी एकरी २ ते २.५ किलो लागतं. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, म्हणून ६ ते ८ महिने जुनं घ्या. बोंडं, म्हणजे केसाळ आवरणातलं बी, तळहातावर चोळून पाहा: बरीच नुसती केसाळ फोलपटं निघतात, आत दाणा नसतो. १०० बोंडं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती उगवतात त्यावरून बियाण्याचं प्रमाण वाढवा. बी हलकं असल्याने वाऱ्यावर उडतं. पाच-सहा पट ओलसर मातीत कालवून, ५० सेंटीमीटरवर उथळ ओळी काढून हाताने सोडा आणि वर जेमतेम एक सेंटीमीटर माती ओढा. पाभरीने पेरलं की खोल पडतं आणि वर येतच नाही.

मारवेल बियाण्यापेक्षा ठोंबांनी लावा. खंडातही ठोंब तग धरतो. ६० बाय ४५ सेंटीमीटरवर एकरी सुमारे १५,००० ठोंब बसतात. मुळासकट फोडा, पाती वीतभर ठेवून छाटा, झडीच्या दिवसात लावा आणि बुडाची माती पायाने घट्ट दाबा. पोकळी राहिली की मूळ वाळतं.

दोन ओळी गवत, एक ओळ स्टायलो ठेवा. स्टायलो शेंगवर्गीय असल्याने चाऱ्यात प्रथिनं वाढतात. त्याच्या बियांचं कवच टणक असतं. ८० अंश तापलेल्या पाण्यात ४-५ मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात टाका. पाणी उकळतं असेल तर बी शिजेल.

पहिल्या वर्षी जनावर आत सोडायचं नाही, शेळी तर नाहीच. कोवळं रोप मुळासकट उपटून येतं. निम्मं गवत फुलोऱ्यात आलं की कापा, पण बुडखा १० ते १२ सेंटीमीटर राखा. पुढच्या फुटव्याचा साठा त्यात असतो. जमिनीलगत विळा फिरवला तर पुढच्या वर्षी ओळीत खाडे दिसतात. ते जुलैत जुन्याच ठोंबांची फोड लावून भरा. मध्ये कुसळी हे रानगवत आलं असेल तर कुसळं धरण्याआधी कापून घाला. नंतर ती जनावरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात.