थंडीत मोठ्या जातीचं पिल्लू फिरवताय? या चुका टाळा

भीमा आमच्याकडे आला तो सप्टेंबरअखेर, आठ आठवड्यांचा असताना. ग्रेट डेन जातीचा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्याचं वजन २८ किलोंवर गेलं होतं आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "किती वर्षांचा आहे हो?" होता जेमतेम साडेचार महिन्यांचा. आम्हीही त्याला मोठा कुत्रा समजूनच वागवत होतो. त्या हिवाळ्यात आमच्याकडून जे जे चुकलं, त्याचं मूळ यातच होतं. वासराएवढं दिसणारं ते जनावर अजून दूध सुटलेलं लेकरूच होतं.

आमचं गाव निफाड तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली उतरला की राज्यभर बातमी होते. आम्हाला ती पहाटे अंगणात पाय टाकताच कळते.

पहिली चूक वेळेची. घरातल्या मोठ्यांना साडेपाचला फिरायला जायची सवय, म्हणून भीमाही साडेपाचला. पण कडाका सगळ्यात जास्त असतो तो सूर्य उगवण्याच्या सुमारास. रात्रभर जमीन थंड होत गेलेली असते आणि गवत दंवाने निथळत असतं. दोन द्राक्षबागांमधल्या पायवाटेने वीस मिनिटं चाललं की भीमाचे पाय आणि पोट ओलं व्हायचं, त्यात वारा लागायचा. कोरड्या गारठ्यापेक्षा ही ओल पिल्लाला जास्त बाधते, कारण ओल्या केसांत ऊब टिकत नाही. आता पहाटे फक्त शू-शीसाठी पाच मिनिटं अंगणात, आणि खरं फिरणं साडेआठनंतर, कोवळ्या उन्हात. संध्याकाळचं सहाच्या आत. परत आल्यावर जुन्या टॉवेलने पोट, काखा आणि बोटांच्या फटी कोरड्या करतो. फटीत ओल राहिली की पिल्लू तिथेच चाटत बसतं आणि दोन दिवसांत कातडी लाल होते.

लसींचे डोस पूर्ण झाले नसतील तर पिल्लाला रस्त्यावर उतरवूच नका. पार्व्हो या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा विषाणू गारव्यात मरत नाही, मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

स्वेटरचं म्हणाल तर आधी केस बघा. ग्रेट डेन, डॉबरमन, बॉक्सर यांचे केस आखूड, आत लोकरीसारखा दुसरा थर जवळजवळ नसतोच. त्यांना दहा अंशांच्या आसपास अंगावर काहीतरी लागतं. लॅब, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड यांना निसर्गाने दुहेरी कोट दिलेला आहे. पुण्याच्या पंधरा अंशांत लॅबच्या पिल्लाला स्वेटर घातला तर ते धापा टाकायला लागतं. लोक त्याला आजारी समजतात, आणि खरं तर त्याला उकडत असतं.

दुसरी गोष्ट मापाची. भीमाचा पहिला स्वेटर तीन आठवड्यांत तोकडा झाला आणि ते आमच्या लक्षात आलं नाही. तो चालताना पुढचे पाय आखूड टाकायला लागला, तेव्हा वाटलं थंडीने आखडलाय. स्वेटर काढला तर दोन्ही काखांत कातडी सोलवटून निघालेली. त्यानंतर गावातल्या शिंप्याकडून जुन्या शालीची झूल शिवून घेतली. पाठ आणि छाती झाकणारी, पोटाखाली रुंद पट्टा, त्याला सैल करता येईल असा लांब वेल्क्रो. काखेत काहीच येत नाही. मानेशी आणि छातीशी दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत, हे दर रविवारी तपासतो. नर पिल्लू असेल तर पोटाखालची कड पुढे, छातीच्या बाजूलाच ठेवा, नाहीतर लघवीने भिजते. आणि घरात आल्यावर झूल काढायचीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "चाललं की अंगात ऊब येते" म्हणून थंडीत पिल्लाला लांब नेतात. काही जण तर साखळी धरून दुचाकीच्या बाजूने पळवतात. कृपा करून असं करू नका. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांची टोकं अजून मऊ असतात, तिथेच वाढ चालू असते. ग्रेट डेनसारख्या जातीत ही वाढ दीड वर्षापर्यंत चालते. डांबरी रस्त्यावर रोज तासभर पळवलं तर त्या मऊ टोकांवर आणि सांध्यांवर ताण येतो. दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं, मातीवरून, त्याच्या चालीने, हवं तिथे हुंगू देत. पोट भरल्यावर तासभर तरी विश्रांती, मग फिरणं.

जानेवारीत भीमा एका सकाळी पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. चार दिवसांनी तो पाय बरा, उजवा दुखायला लागला. "गारठ्याने झालंय, तेल चोळा," असं सगळ्यांनी सांगितलं. ज्या दुकानातून त्याचं खाणं यायचं, तिथे कॅल्शियमचं सिरप हातात ठेवलं: "मोठी जात आहे, हाडं मजबूत होतील." आम्ही दहा दिवस पाजलं. नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, हे पॅनोस्टायटिस. वाढत्या वयातल्या मोठ्या जातींच्या लांब हाडांत होणारी सूज, साधारण पाच ते अठरा महिन्यांत दिसते, पाय बदलत जाते आणि वय वाढलं की आपोआप थांबते. थंडीचा काही संबंध नाही. कॅल्शियम मात्र त्यांनी त्या क्षणी बंद करायला लावलं. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंचसं ते शोषतं, आणि त्यातून हाडं वेडीवाकडी वाढतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं संतुलित खाणं चालू असेल तर वरून एक चमचाही नको. थंडी आहे म्हणून जास्त खाऊ घालणंही नको. गुबगुबीत पिल्लू बघायला छान वाटतं, पण ते वजन त्याच कोवळ्या सांध्यांवर येतं. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत.

लंगडण्यासोबत ताप असेल, सांधा गरम आणि सुजलेला असेल, किंवा पिल्लू खाणं सोडत असेल तर वाट बघू नका. आणि घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल अशी माणसांची गोळी तर अजिबात देऊ नका. कुत्र्यांना ती विषासारखी ठरू शकते.

हिवाळ्यात घरोघरी डिंकाचे लाडू होतात आणि मायेपोटी त्यातला तुकडा पिल्लाच्या तोंडी जातो. लाडवात मनुका असू शकतात. मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमच्यासारख्या द्राक्षपट्ट्यात हे फार जपावं लागतं, कारण विरळणीत पडलेले मणी वाटेवर असतात आणि फवारणीचं पाणी गवतावर ठिबकलेलं असतं. बागेच्या कडेने नेताना पट्टा आखूड धरा आणि घरी आल्यावर पंजे धुऊन पुसा. कांद्याची साल, पात, काहीच तोंडात जाऊ देऊ नका. ब्रँडीचा चमचा पाजणारेही मी पाहिले आहेत. दारूने ऊब येत नाही, उलट शरीराची उष्णता बाहेर निघून जाते.

बागा वाचवायला कडाक्याच्या रात्री शेकोट्या पेटवतात. सकाळी राख वरून थंड दिसते, आत निखारा असतो. पिल्लू नाक घालतं, पंजा घालतं. लांबूनच वळवा.

कुडकुडणं कसं ओळखायचं? थांबून एकेक पंजा उचलून धरणं, शेपूट पोटाशी, पाठ कमानीसारखी, घराकडे तोंड. एवढं दिसलं की ओढत पुढे नेऊ नका, वळा. घरात कोरडं करून गोधडीत घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कापरं थांबायला हवं. थांबलं नाही तर थर्मामीटरला थोडं खोबरेल लावून गुदद्वारातून ताप बघा. निरोगी पिल्लाचा १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतो. ९९ च्या खाली किंवा १०३ च्या वर असेल तर डॉक्टरांना फोन करा. भुंकल्यासारखा कोरडा खोकला असेल तर गळ्यातला पट्टा काढून हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, लावा आणि दाखवून घ्या. डोळ्यानाकातून घट्ट स्राव येत असेल तर त्याच दिवशी न्या, तो डिस्टेंपर हा जीवघेणा संसर्गजन्य रोग असू शकतो.

राहिला झोपायचा प्रश्न. उन्हातून फिरून आलेलं पिल्लू गार फरशीवर आडवं झालं तर पुसण्याची सगळी मेहनत वाया. शिवाय मोठ्या जातीच्या जड पिल्लांना कठीण जमिनीवर पडून कोपराला पाण्याची गाठ येते. भीमासाठी आम्ही फळीवर गोणपाट, त्यावर जुन्या साड्यांची जाड गोधडी असं अंथरूण केलंय. दर चार दिवसांनी ते उन्हात टाकतो आणि झटकताना शिवणींत गोचीड बसलेत का तेही बघतो.