एआरपीचा ब्रॉडकास्ट कमी कसा करायचा

एआरपी (आयपी पत्त्यावरून नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे मॅक, शोधायची पद्धत) १९८२ पासून आहे, आयपी माहितीय पण मॅक अ‍ॅड्रेस नाही की मशीन अख्ख्या व्हीलॅनला (स्विचवर वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग) ओरडून विचारतं, हाच ब्रॉडकास्ट, म्हणून आधी मोठे व्हीलॅन तोडा, /२४ एवढे (मशीनसाठी २५४ पत्ते) ठेवा, खरा फरक इथेच पडतो. मग लिनक्स सर्व्हर बघा, नेबर टेबलची (शेजारच्या मशीनच्या आयपी-मॅक जोड्यांची यादी) कमाल मर्यादा डिफॉल्ट १०२४ एंट्रींची असते, शेजारी जास्त असतील तर जीसी-थ्रेशच्या (ही यादी कधी साफ करायची ते ठरवणाऱ्या सेटिंग) तिन्ही व्हॅल्यू वाढवाच, नाहीतर जुन्या एंट्री उडत राहतात नि तीच विचारणा परत परत होते.

व्हीएक्सलॅन-ईव्हीपीएन (एक व्हीलॅन अनेक स्विचवर पसरवायची, पत्ते स्विचनी एकमेकांना कळवायची पद्धत) असेल तर एआरपी सप्रेशन चालू करा ना, लीफ स्विच (ज्याला सर्व्हर थेट जोडलेले असतात) स्वतःच्या टेबलातून उत्तर देतो, माहीत नसेल तेवढंच पुढे पाठवतो.

स्टॅटिक एंट्री (हाताने कायमची लिहिलेली आयपी-मॅक जोडी) फक्त गेटवेसारख्या एकदोन ठिकाणी, कारण नेटवर्क कार्ड बदललं की कनेक्शन बंद आणि कारण पटकन सापडत नाही.