आषाढात टिकणारे परसातले तळे

खड्डा खणा, प्लास्टिक अंथरा, पाणी भरा, की तळे तयार, असा सल्ला सर्रास दिला जातो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे इथे तळ्यात पाणी टिकवण्यापेक्षा बाहेरचे पाणी तळ्यात आणि तळ्याखाली शिरू न देणे कठीण असते. हे लक्षात न घेता एप्रिलमध्ये केलेले देखणे तळे जुलैत हातचे जाते.

जागा दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल अशी घ्यावी. माडाखाली तळे करू नये. एक झावळी पडली तरी तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटतो. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घरासाठी पुरेसा होतो. कडा थोड्या उतरत्या ठेवाव्यात आणि एका बाजूला कुंड्यांसाठी पायरी सोडावी.

जांभ्या जमिनीतले खडे सुरीसारखे लागतात. ते वेचून दोन इंच वाळू पसरावी. वाळूवर गोणपाट किंवा वर्तमानपत्रे घालू नयेत, कारण ती वाळवी खाते. जुने फ्लेक्सचे फलक उत्तम. त्यावर जाड सिलपॉलिनचा (ताडपत्रीसारख्या प्लास्टिकचा) कागद घालावा. खोली लांबी-रुंदीत दोनदा धरून दोन्ही कडांना एकेक फूट सोडल्यास वरील मापाला १४ बाय ११ फूट कागद लागतो. बाजारात १५ बाय १२ चा मिळाला तर तोच घ्यावा, जोड देण्याच्या फंदात पडू नये.

खरे काम काठाचे आहे. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या परसातही आठ फुटांत तीन-चार इंचांचा उतार सहज असतो आणि पाणी भरल्यावरच तो कळतो: एका बाजूला कागद उघडा पडतो, दुसरीकडून पाणी वाहते. म्हणून खड्ड्याभोवती खुंट्या ठोकून गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीत पाणी भरून प्रत्येक खुंटीवर पातळीची खूण करावी. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. सगळा काठ एका पातळीत आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच हवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत परसातली तांबडी माती तळ्यात उतरते. कागदाची कड काठाला लावलेल्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) मागून वर वळवून घ्यावी, आणि तळे भरून दोन दिवस होईपर्यंत ती कापू नये. एका जागी दोन इंची पाइप जाळी लावून बसवावा आणि जादा पाणी चरीने दूर न्यावे.

माझ्या पहिल्या तळ्याचा काठ जमिनीलगत होता. आषाढात त्यात गाळ आला, म्हणून मी पंप लावून अर्धे पाणी काढले आणि उरलेले काम सकाळवर टाकले. सकाळी पाहतो तर मधोमध कागदाचा गुडघाभर उंचवटा उभा, साळकांच्या (वॉटर लिलीच्या) कुंड्या कलंडलेल्या, मासे घड्यांत साचलेल्या पाण्यात तडफडत होते. शेजारच्या शेतात पाणी तुंबले होते, जमिनीखालची पातळी वर आली होती, आणि तळ्यातले पाणी कमी होताच खालच्या पाण्याने कागद उचलला होता. विहिरीचे पाणी परत भरल्यावर उंचवटा बसला, पण खाली शिरलेल्या चिखलामुळे कागद पुन्हा कधीच नीट बसला नाही. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. पावसाळ्यात तळे रिकामे करायचे नाही; गाळ जाळीनेच काढायचा. आणि खणण्याआधी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत ऐन जुलैत पाणी कुठवर येते ते पाहायचे. ते जमिनीपासून चार-पाच फुटांच्या आत येत असेल, तर फूटभरच खणून वर चिऱ्यांचे दोन थर रचावेत. तळे जमिनीवर उचललेले दिसते, पण राहते.

साळके आणि कमळ कुंडीत मातीवर खडी घालून लावावे, काठाला वेखंड आणि ब्राह्मी. जलपर्णी एकही आणू नये. नळाचे पाणी असेल तर ते तीन-चार दिवस उघडे राहू द्यावे आणि मग लगेच मासे सोडावेत, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. गप्पी सर्वत्र मिळतात, पण ओढ्यात गेले तर तिथल्या माशांना जाच होतो. इथल्याच ओहोळांतले पांचॅक्स जातीचे छोटे मासे मिळाले तर तेच घ्यावेत. डासांच्या अळ्या तेही खातात. घरात लहान मूल असेल तर पाण्याच्या पातळीच्या लगेच वर भक्कम लोखंडी जाळी बसवल्याशिवाय पाणी भरू नये.