पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला घरच्या घरी क्लिअर कोट कसा मारावा

आपण ‘हेडलाइटची काच’ म्हणतो खरं, पण हल्लीच्या गाड्यांत ती पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते. जुन्या अँबेसिडर-पद्मिनीला खरी काच होती, ती कधी पिवळी पडली नाही. या प्लास्टिकवर कारखान्यातच अतिनील किरण अडवणारा पातळ थर दिलेला असतो. वर्षानुवर्षं गाडी उन्हात उभी राहिली की तो झिजतो. टूथपेस्ट घासून आलेली चमक थोड्याच दिवसांत जाते ती त्यामुळेच: वरचा मळ निघतो, पण गेलेला थर काही परत येत नाही. तो परत द्यायचा तर क्लिअर कोटच, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक लेपच हवा.

आधी आतल्या बाजूला वाफ किंवा थेंब आहेत का बघा. असतील तर बहुधा सील गेलंय, बाहेरून घासून काही होणार नाही.

सामान फार नाही: 600, 800 आणि 1000 नंबरचा वॉटर पेपर (भिजवून घासायचा पॉलिश पेपर; नंबर मोठा तितका तो बारीक), मास्किंग टेप, रद्दी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टू-के क्लिअरचा स्प्रे, म्हणजे ज्यात क्लिअर आणि त्याला घट्ट करणारं रसायन (हार्डनर) असे दोन घटक असतात तो. हार्डनर नसलेला साधा वन-के स्प्रे स्वस्त पडतो, पण लवकर पापुद्रे सुटतात. टू-के घेताना मात्र एक लक्षात ठेवा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसांना घातक आहे. कापडी मास्क इथे कामाचा नाही. कार्ट्रिजचा (रसायनांची वाफ अडवणारी गाळणी बसवलेला) मास्क, हातमोजे, संरक्षक चष्मा आणि मोकळी जागा हवीच. दम्याचा त्रास असेल तर हे काम सरळ पेंटरला द्या.

हेडलाइटभोवती टेपचे दोन-तीन थर द्या आणि बॉनेट-बंपर रद्दीने झाका. मग 600 चा पेपर भिजवून आडवा घासायला घ्या. पहिल्यांदा हळदीच्या दुधासारखं पाणी ओघळतं. ते पांढरं दिसायला लागलं की पिवळा थर निघाला. आता 800 उभा, मग 1000 पुन्हा आडवा. दिशा बदलली की आधीचे ओरखडे कुठे राहिलेत ते कळतं. शेवटी काच बाथरूमच्या दुधी काचेसारखी दिसते आणि ‘आता वाट लागली’ असं वाटतं. घाबरू नका. थोडं पाणी मारून बघा, ओली असताना ती आरपार दिसते. क्लिअर बसल्यावर साधारण तशीच दिसणार आहे.

इथेच थांबायचं. 2000 ने गुळगुळीत करून पॉलिश मारायचा मोह होतो, पण मग क्लिअरला पकड मिळत नाही. काच वाळली की अल्कोहोलने पुसा. थिनर नको, त्याने प्लास्टिकला केसासारख्या भेगा पडतात. पुसल्यावर बोटही लावू नका.

स्प्रे सावलीत, वारा नसताना, कोरड्या दिवशी. मी पहिल्यांदा श्रावणात, दोन सरींच्या मधली उघडीप साधून मारला होता. अर्ध्या तासात सगळा कोट दुधाळ झाला आणि पुन्हा 800 पासून घासत बसलो. डबा 20-25 सेंटीमीटरवर धरा. फवारा काचेच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच सोडा, नाहीतर कडेला ओघळ येतात. पहिला हात अगदी विरळ, नंतर दोन भरीव. प्रत्येक हातानंतर साधारण दहा मिनिटं, किंवा डब्यावर लिहिली असेल तेवढी वेळ, थांबा. शेवटचा हात जरा चिकट असतानाच टेप काढा. पुढचा आठवडाभर धुणं-पुसणं नको.

आता टिंट, म्हणजे हेडलाइटला रंगाची छटा देणं. काळसर ‘स्मोक’ हेडलाइट झोकदार दिसतो आणि त्याची कृतीही सोपी: घासून झाल्यावर स्मोकचे एक-दोन विरळ हात, त्यावर क्लिअर. पण ते नुसत्या प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीपुरतं ठीक. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 105 वा नियम सांगतो की दिव्यांच्या उजेडात 155 मीटर पुढचं माणूस-वाहन स्पष्ट दिसलं पाहिजे. इतकं घासून वाढवलेला उजेड पुन्हा काळ्या रंगाखाली कशाला दाबायचा? रात्री पावसात घाट उतरणाऱ्याने तर हा विचारही करू नये.

शेवटी टू-केच्या डब्याबद्दल: फवारण्याआधी त्याच्या बुडाशी असलेली पिन दाबून हार्डनर आत सोडावा लागतो, आणि तो सोडला की एक-दोन दिवसांत आतलं क्लिअर आतच घट्ट होतं. म्हणून दोन्ही हेडलाइट आधी घासून तयार ठेवा आणि मगच पिन दाबा.